शेकाट्या, पाय वगळून

तळ्याच्या मधोमध चिखलाचा एक उंचवटा होता आणि त्यावर काहीतरी काळं-पांढरं बसलं होतं. अंगाने कबुतराएवढं, खालचा भाग पांढराशुभ्र, पाठ कुळकुळीत काळी. मान आखडून घेतलेली, चोच माझ्या विरुद्ध दिशेला. सकाळचे आठ वाजले असतील. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं, दुर्बीण स्वच्छ होती, अंतरही फार नव्हतं. म्हणजे न ओळखायला कुठलीच सबब नव्हती. तरी मला तो पक्षी ओळखता येईना.

मी एकेक नाव घेऊन बाद करत गेले. टिटवीची पाठ तपकिरी असते. धोबी असता तर एवढा वेळ शेपूट न हलवता बसला नसता, आणि तो याच्या निम्म्यानेही नसतो. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी अशी उघड्यावर बसून राहत नाही. वाट चुकून आलेला एखादा समुद्रपक्षी असेल का, असंही मनात येऊन गेलं आणि छातीत धडधडायला लागलं. वहीत पाठीचा रंग, पोटाचा रंग, आकार, वेळ असं सगळं उतरवून घेतलं. पंचवीस मिनिटं गेली.

मग तो उठला. आधी जरा पुढे झुकला, मग पोट चिखलापासून वर आलं, आणखी वर आलं, आणि येतच राहिलं. खाली दोन गुलाबी काड्या उलगडत गेल्या. शेकाट्या! ज्याला मी पंधरा वर्षं लांबून, धावत्या गाडीतून, धुक्यातून एका नजरेत ओळखत आले होते, ज्याच्याकडे दुर्बीण वळवायचीही मला गरज वाटेनाशी झाली होती, तोच हा. पक्षी उतरून पाण्यात चालू लागला आणि मी मात्र वही मांडीवर तशीच उघडी ठेवून बसून राहिले. पंधरा वर्षांत मी नेमकं काय बघत होते, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

त्या रात्री मामाला फोन केला. पक्षी बघायला मला त्यानेच शिकवलं. माझी पहिली दुर्बीण त्याची जुनी होती, तिचा पट्टा त्याने स्वतः शिवून दिलेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या वहीतल्या शेकाट्याच्या नोंदी काढ आणि वाच बघू मला." मी वाचत गेले. शेकाटे, १२, लांब गुलाबी पाय. शेकाट्या, १, पाय. शेकाटे, सुमारे ४०, उथळ पाण्यात, पाय उठून दिसतात. चौथ्या-पाचव्या नोंदीला माझाच आवाज खाली गेला. मामा एवढंच म्हणाला, "आता वर्षभर पाय सोडून लिही."

मी ते खरंच केलं. वर्षभर शेकाट्याच्या नोंदीत 'पाय' हा शब्द लिहायचा नाही असं ठरवलं. ते वर्ष मला इतकं काही देऊन गेलं की त्यावर लिहायला आज बसले आहे.

पण आधी पायांबद्दलच बोलायला हवं, कारण त्यांना टाळून या पक्ष्याची गोष्ट सुरूच होत नाही. शेकाट्या चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम ३५ ते ४० सेंटीमीटर भरतो. वजन २०० ग्रॅमच्या आसपास, बहुतेकदा त्याहूनही कमी. आणि या एवढ्याशा जिवाचे पाय जवळजवळ वीतभर लांब. अंगाच्या मानाने पायांची लांबी मोजली तर रोहित पक्ष्यांनंतर याचाच नंबर लागतो असं सांगतात, आणि तो उथळ पाण्यात उभा असताना ते सहज पटतं. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याला नाव दिलं तेव्हा चिखल्या या पक्ष्यांच्या प्रजातीत बसवलं होतं. दोनच वर्षांनी, १७६० मध्ये, ब्रिसाँ या फ्रेंच अभ्यासकाने त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली, हिमँटोपस. ग्रीक भाषेत 'हिमास' म्हणजे चामड्याची वादी आणि 'पूस' म्हणजे पाय. वादीसारखे पाय असलेला. उडताना मागे लोंबणारे ते पाय ज्याने पाहिले आहेत त्याला हे नाव किती नेमकं आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे मोठमोठ्या अभ्यासकांनाही आधी पायच दिसले होते. माझ्या वहीतल्या नोंदी मी त्यानंतर जरा कमी रागाने वाचू लागले.

आणि तरी पायसुद्धा मी नीट पाहिलेले नव्हते. शेकाट्याचा गुडघा मागे वाकतो, असं मी कित्येकांना सांगितलं होतं. तो गुडघा नसतोच. काडीच्या मध्यावर जी गाठ दिसते आणि जी मागच्या बाजूला वाकते, तो घोटा. पक्षी बोटांवर चालतात, टाच हवेतच राहते. खरा गुडघा वर, पोटालगतच्या पिसांत झाकलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. हे कळल्यावर त्याची चाल मला वेगळीच दिसायला लागली. तो पाऊल उचलतो तेव्हा बोटं मिटतात, मिटलेलं पाऊल पाण्यातून अलगद बाहेर येतं, पुढे जातं आणि उघडत उघडत परत पाण्यात शिरतं. तरंग उठतो तो इतका बारीक, की दोन हातांवरच्या पाणकीटकालाही चाहूल लागू नये.

आता पाय झाकून. खरंच, मी झाकूनच बघायची. डोळ्यांसमोर आडवी वही अशी धरायची की पक्ष्याचं पोटापासून खालचं अंग दिसू नये.

पहिल्यांदा दिसली ती चोच. सरळ, काळी, आणि सुईसारखी बारीक. पाणथळीवर चोचींचे इतके प्रकार असतात की चोच हेच खरं तर पहिलं पान असायला हवं. उचाट्या हा शेकाट्याचा सख्खा नातलग, एकाच कुळातला, तोही काळा-पांढरा. पण त्याची चोच टोकाला वर वळलेली, आणि ती पाण्यात बुडवून तो डावी-उजवीकडे विळा चालवावा तशी फिरवतो. मालगुझ्याची चोच लांब आणि बुडाशी गुलाबी, तो ती चिखलात खुपसतो. शेकाट्या यातलं फारसं काही करत नाही. तो टिपतो. पाण्यावर तरंगणारं, पाण्याच्या वरच्या थरात वळवळणारं, गवताच्या पात्याला चिकटलेलं काहीतरी नेमकं हेरून चिमट्याने उचलावं तसं उचलतो. कधीमधी डोकं पाण्यात घालतोही, पण त्याचा खरा धंदा टिपण्याचा. एकदा ही टिपण्याची लय डोळ्यांत बसली, की दूरवर उन्हाच्या झळांमध्ये नुसता एक ठिपका वर-खाली होताना दिसला तरी मन आधी शेकाट्याकडे जातं.

मग डोळा. प्रौढ पक्ष्याचा डोळा लालभडक असतो, हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं! छायाचित्रात दिसला असेल, वाचलाही असेल, पण पाहिला नव्हता. पांढऱ्या चेहऱ्यावर तो एवढासा लाल मणी, आणि मधे काळी बाहुली.

डोक्यावरच्या काळ्याबद्दल मात्र मी चुकीचं शिकले होते आणि चुकीचंच शिकवत होते. काही शेकाट्यांचं डोकं पूर्ण पांढरं असतं, काहींच्या माथ्यावर आणि मानेच्या मागे राखाडी किंवा काळा डाग असतो. काळ्या डोक्याचा तो नर आणि पांढऱ्या डोक्याची ती मादी, असं मी कुणाकडून तरी ऐकलं आणि वहीत वर्षानुवर्षं नर-मादीचे आकडे त्याप्रमाणे मांडत गेले. हे आकडे मी आता खोडले आहेत. डोक्याचा रंग पक्ष्यापक्ष्याला वेगळा असतो, त्यावरून नर-मादी ठरवता येत नाही. बघायची ती पाठ. प्रौढ नराची पाठ काळी आणि त्यावर हिरवट चमक, मादीच्या पाठीला तपकिरी छटा. ऊन योग्य बाजूने असेल तर हा फरक लख्ख दिसतो आणि ऊन समोरून असेल तर दोघंही सारखीच काळी दिसतात. अशा वेळी वहीत नर-मादी काहीच लिहायचं नाही.

पाठीची ही खूण मी नुसती वाचून मान्य केली नाही, एका जोडीनेच ती मला पटवून दिली. मादी उथळ पाण्यात उभी राहिली, मान आडवी, जमिनीला समांतर ताणलेली. अगदी निश्चल. नर तिच्या बाजूला आला, चोच पाण्यात बुडवून पाणी उडवलं, छातीची पिसं साफ केल्यासारखी केली, मग तिच्या पाठीमागून फिरून दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथेही तेच. परत या बाजूला. परत त्या. हे सगळं एका ठरलेल्या तालात. शेवटी तो तिच्या पाठीवर चढला, लांब पाय घड्या घालून, पंख उघडून तोल सांभाळत. आणि त्यानंतर जे झालं ते मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. खाली उतरल्यावर त्याने एक पंख तिच्या पाठीवर टाकला, दोघांच्या चोची एकमेकींवर तिरक्या आल्या, आणि तशीच ती दोघं चार-सहा पावलं सोबत चालली. मग वेगळी झाली आणि काही घडलंच नाही अशी टिपायला लागली. तो पंख तिच्या पाठीवर होता तेव्हा दोन रंग शेजारीशेजारी होते. पंख हिरवट काळा, पाठ तपकिरी. आणि हो, नराचं डोकं स्वच्छ पांढरं होतं, मानेवर काळा डाग होता तो मादीच्या.

सगळ्यात जास्त फसवलं ते तरुण पक्ष्यांनी. पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शेकाट्याची पाठ मातकट तपकिरी असते, प्रत्येक पिसाला फिकट पिवळसर कड, त्यामुळे सगळी पाठ खवलेदार दिसते. डोकं आणि मान मळकी. पायसुद्धा धड गुलाबी नसतात, राखाडीकडे झुकलेले असतात. म्हणजे ज्या एका खुणेवर मी भरवसा ठेवून होते ती नेमकी इथे ढिली पडते. असा पक्षी जरा खोल पाण्यात एकटा उभा असला की तो मार्श सँडपायपर हा दुसराच पाणपक्षी वाटू शकतो: तोही सडपातळ, त्याचीही चोच सुईसारखी, तोही उंच पायांचा. फरक शोधायचा तर पुन्हा पाठीकडे आणि पंखांकडे यावं लागतं. आणि उडाल्यावर आणखी एक घोटाळा. प्रौढ शेकाट्याचे पंख वरून आणि खालून सलग काळे, कुठेही पांढरी पट्टी नाही; पाठीवर मात्र शेपटीपासून वर गेलेली पांढरी पाचर दिसते. पण तरुण पक्ष्याच्या पंखांच्या मागच्या कडेला पांढरी किनार असते. आणि पंखांच्या मागे पांढरी पट्टी ही तर रेडशँक या आणखी एका पाणपक्ष्याची ठळक ओळख! त्यात रेडशँकचे पायही लालसर. पाय आणि पांढरी कड एवढ्यावरच निकाल दिला की चूक ठरलेली. रेडशँकची कड रुंद असते, अंग भरीव असतं, चोच बुडाशी लाल असते, आणि पाय शेपटीच्या थोडेसेच पुढे येतात. शेकाट्याचे पाय मागे इतके लांबवर जातात की लहान मुलाने पक्ष्याचं चित्र काढून त्याला उगाच दोन रेघा जोडाव्यात तसं दिसतं.

(पाय. वर्षभर लिहायचे नाहीत असं ठरवलं होतं. उडत्या पक्ष्यापुरती मी स्वतःला सूट दिली होती.)

शेकाट्या प्रत्यक्ष समोर नसतानाही ओळखता येतो, हे मला चिखलाने शिकवलं. पाणी ओसरलेल्या काठावर सकाळी लवकर गेलं तर रात्रभराची ये-जा सगळी उमटलेली असते. शेकाट्याला मागचं बोट नसतं. तीनच बोटं, तिन्ही पुढे, आणि मधल्या व बाहेरच्या बोटाच्या मुळाशी थोडासा पडदा. ओल्या बारीक गाळात त्या पडद्याची अगदी पुसट कमान उमटते. पावलांमधलं अंतर त्या आकाराच्या पक्ष्याला न शोभणारं, लांबलचक. एकदा मी अशा ठशांची एक ओळ पाण्यापर्यंत चालत गेलेली पाहिली. दर तीन-चार पावलांवर चिखलात एक बारीक टोचा होता. तिथे तो वाकला होता. कोरड्या जागेवरचं काही टिपायचं तर शेकाट्याला घोटे वाकवून, सगळं अंग पुढे कलतं करून खाली यावं लागतं. पाण्यात अन्न त्याच्या चोचीपर्यंत आलेलं असतं, जमिनीवर त्यालाच अन्नापर्यंत जावं लागतं. त्या टोच्यांशेजारचे ठसे इतर ठशांपेक्षा खोल होते. वाकताना भार पुढे गेला असणार.

आणि तो पाण्याची खोली सांगतो. घोटा पाण्याला टेकलेला दिसला की तिथे साधारण दहा-बारा सेंटीमीटर पाणी आहे. घोटा बुडाला आणि पोट अजून वर असलं तर वीतभर असेल. थवा पसरून चरत असला की तळ्याच्या तळाचे उंचसखल भाग आपोआप दिसू लागतात, जिथे पाय आखूड होत जातात तिथे खळगा. त्याच तळ्यात तुतवार अगदी काठाने फिरत असतात, चिखल्ये ओल्या जमिनीवर धावत-थांबत असतात आणि शेकाटे त्यांच्या पलीकडे, जिथे त्या दोघांचं पोट भिजलं असतं तिथे निवांत उभे असतात. एकाच ताटाच्या वेगवेगळ्या कडा म्हणा ना. म्हणून पाण्याची पातळी हातभर वाढली किंवा तळं पूर्ण आटलं तर दोन्ही वेळी शेकाट्याला जागा राहत नाही. त्याला पाणी हवं असतं ते नेमक्या मापाचं. पाणथळीत भराव घातला की पहिल्यांदा बुजते ती हीच उथळ कड, आणि मधलं खोल पाणी शाबूत आहे तेवढ्यावर तळं वाचलं असं लोक समजतात. मला याचं फार वाईट वाटतं.

जगात शेकाट्यांचे नातलग बरेच आहेत आणि त्यांना किती जातींमध्ये विभागायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी सगळ्यांना एकाच जातीचे प्रकार मानतात, कुणी पाच-सहा जाती करतात. अमेरिकेतल्या शेकाट्याचा माथा, मानेची मागची बाजू आणि पाठ सलग काळी असते. ऑस्ट्रेलियातल्याचं डोकं पांढरं आणि मानेमागे काळा पट्टा. ऑस्ट्रेलियातच छातीवर तांबूस पट्टा असलेला आणखी एक शेकाट्या आहे. तो वाळवंटी भागातल्या खाऱ्या तळ्यांत पाऊस पडून पाणी भरलं की हजारोंनी जमून वीण करतो, आणि त्याची घरटी अभ्यासकांना १९३० पर्यंत सापडलीच नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते न्यूझीलंडच्या काळ्या शेकाट्याबद्दल. माओरी भाषेत त्याचं नाव काकी. आपल्या कानाला हे नाव घरातलं वाटतं, मला तरी त्यामुळे तो पक्षी न पाहताच जवळचा झाला. प्रौढ काकी नखशिखान्त काळा असतो, फक्त पाय तसेच गुलाबी-लाल. माणसांनी बाहेरून आणलेल्या मांजरांनी आणि उदांच्या नात्यातल्या शिकारी प्राण्यांनी त्याची अंडी-पिल्लं संपवत आणली, नद्यांची पात्रं बदलली, आणि १९८१ मध्ये प्रौढ काकी उरले अवघे २३. तेवीस! माझ्या वहीत एका सकाळच्या एका नोंदीत याहून जास्त शेकाटे आहेत. तेव्हापासून तिथली माणसं त्याची अंडी गोळा करून यंत्रात उबवतात, पिल्लं वाढवतात आणि मोठी झाल्यावर नदीवर सोडतात. आणखी एक अडचण होती. काकी कमी आणि ऑस्ट्रेलियातून येऊन स्थिरावलेले काळे-पांढरे शेकाटे भरपूर, त्यामुळे जोडीदार न मिळालेला काकी त्यांच्याशी जोडी जमवायचा आणि पिल्लं मिश्र व्हायची. कुठला पक्षी शुद्ध काकी आणि कुठला मिश्र, हे तिथे पिसांवरचं काळं किती आणि कुठे आहे ते पाहून ठरवावं लागतं. त्यात काकीची तरुण पिल्लं स्वतःच डोक्या-छातीवर पांढरी असतात, पूर्ण काळी व्हायला त्यांना वर्ष-दीड वर्ष लागतं. पायांचा रंग दोघांचा जवळजवळ सारखाच, त्याचा काही उपयोग नाही. तिथल्या माणसाने माझ्यासारखी वही ठेवली असती तर काकीला जागाच मिळाली नसती.

वर्ष संपत आलं होतं तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. एका उथळ तळ्यातल्या बांधावरून मी चालत होते. शेकाटे ओरडायला लागले, किक-किक-किक, तीक्ष्ण, एकापाठोपाठ एक. मला वाटलं, नेहमीचंच. शेकाटे ओरडतातच. मी पुढे गेले. मग एक पक्षी थेट माझ्या डोक्यावरून गेला, वळून पुन्हा आला, पाय खाली सोडलेले. दुसरा दहा पावलांवर चिखलात उतरला आणि एक पंख ओढत, कोलमडत चालायला लागला. तो जखमी नव्हता. मला त्याच्यामागे न्यायचं होतं. तेव्हा मी खाली पाहिलं. माझ्या डाव्या पायापासून हातभर अंतरावर गाळ आणि काड्यांची एक उथळ वाटी होती आणि तिच्यात चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली, मातीच्या रंगावर काळे-तपकिरी डाग. अजून एक पाऊल, आणि...

मी आल्या पावलांवरच पाय ठेवत मागे गेले. खूप मागे गेले, बांध संपतो तिथे झुडपाआड बसले. ऊन कडक होतं. उघडी अंडी अशा उन्हात किती वेळ तग धरतात या विचाराने मला घड्याळाकडे बघवेना. सहा मिनिटांनी एक पक्षी परतला. पाठीवरून मादी. पण ती सरळ घरट्याकडे गेली नाही. आधी पाण्यात उतरली, घोटे वाकवून पोट पाण्याला टेकवलं, इकडे-तिकडे डोलून पोटाची पिसं चांगली भिजवली, आणि पाणी ठिबकवत घरट्यावर येऊन उभी राहिली. मग बसली. तापलेल्या अंड्यांना ती ओल पुरवत होती. उबवणं या शब्दात ऊबच आहे, पण कडक उन्हात पक्ष्याला अंडी थंडही ठेवावी लागतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. थोड्या वेळाने नर आला, तोही पोट भिजवून, आणि दोघांनी जागा बदलली.

बसलेला पक्षी आता मी नीट पाहिला. वर्षापूर्वी ज्याने मला पंचवीस मिनिटं अडवलं होतं तेच चित्र. काळी पाठ, पांढरं पोट. पण शेपटीच्या खालून मागे दोन गुलाबी कोन बाहेर आलेले दिसत होते, घडी घातलेल्या पायांचे घोटे. त्या दिवशीही ते असणारच. पक्षी बसतो तेव्हा पाय नाहीसे होत नाहीत, मागे जातात. मी खाली शोधत होते.

साधारण साडेतीन आठवडे दोघं आळीपाळीने बसतात. त्या बांधावर मी पुन्हा गेले नाही, लांबच्या काठावरून स्पॉटिंग स्कोपने बघत राहिले. एका सकाळी घरटं रिकामं दिसलं आणि पोटात खड्डा पडला. मग जरा उजवीकडे, चिखलाच्या काठावर मादी दिसली. ती काहीतरी विचित्र अवघडल्यासारखी उभी होती, पूर्ण उभीही नाही, बसलेलीही नाही. पंख किंचित सैल. आणि तिच्या पोटाखालून पाय निघाले होते. मोजले. दोन गुलाबी, लांब. बाकीचे आखूड, राखाडी, काडेपेटीतल्या काड्यांएवढे बारीक. दहा पाय! एका राखाडी पायाने दुसऱ्यावर पाय दिला, पोटाची पिसं हलली, आणि एक ठिपकेदार डोकं बाहेर येऊन परत आत गेलं.

त्या दिवसाच्या नोंदीत मी पाय लिहिले. आकड्यासकट. मामाला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "चारही निघाली म्हणजे."

महिनाभरात ती पिल्लं उडायला लागतात. ती चार होती की तीन उरली, मला सांगता येणार नाही, कारण तोवर इतर जोड्यांची पिल्लंही त्यांच्यात मिसळली होती आणि सगळ्यांच्या पाठी सारख्याच खवलेदार होत्या. शेवटची खेप मी संध्याकाळी केली. परतायला उशीर झाला, अंधार पडला. शेकाटे रात्रीही चरतात, त्यामुळे पाण्यावरून बारीक आवाज येत होते, डुबुक, पुन्हा शांत. मग वरून गेले. आकाशात काही दिसत नव्हतं. किक, किक-किक, एक आवाज खणखणीत, त्यामागे दोन कोवळे, फाटलेले, अजून नीट न बसलेले. गाडीतल्या दिव्याच्या उजेडात मी वही उघडली आणि लिहिलं: शेकाटे, किमान ३. प्रौढ १, तरुण २. दिसले नाहीत.